सांगून काढलेला हात

हौसाताई घरत यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडले मी, त्या नुसत्या उभ्या होत्या. नवीन पनवेलच्या आपल्या जलतरण तलावावर प्रशिक्षक म्हणून माझा तो पहिला दिवस होता. वय सत्तावीस, लग्न होऊन करंजाड्यात येऊन जेमतेम चार महिने झालेले. नवा कॉस्च्यूम, नवी टोपी, गळ्यात नवी शिट्टी आणि पिशवीत राज्यस्तरीय स्पर्धांची प्रमाणपत्रं. ती कुणी मागितली नव्हती, पण मी आणली होती. अशा थाटात पायऱ्यांपाशी आले, तर साठी ओलांडलेल्या एक काटक बाई मला आडव्या आल्या. त्यांनी माझ्या टोपीच्या कडेला बोट लावलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं आणि म्हणाल्या, "डोक्याला तेल हाय. न्हाऊन ये."

"मी कोच आहे," मी म्हटलं.

"अस ना. तेल हाय का नाय?"

तेल होतं. सासूबाईंनी आदल्या रात्री प्रेमाने चोपडलं होतं. पण माझ्या नाकावर राग कायमचाच बसलेला. मी नियमावली काढली, प्रमाणपत्रं काढली, व्यवस्थापकांना बोलवा म्हणाले. ताई शांतपणे शॉवरच्या दिशेला बोट दाखवून उभ्या राहिल्या. मागे बॅचच्या पंधरा-वीस बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शेवटी मी पाय आपटत गेले, दोनदा केस धुतले आणि मगच पाण्यात उतरले. या बाईंशी आपलं कधी जमायचं नाही, अशी माझी त्या दिवशी खात्री झाली. आज त्याच बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात लिहिण्याचा मान मला मिळतो आहे, आणि लिहायला बसल्यापासून तीन कागद फाडून झाले आहेत.

ताईंचा जन्म खाडीकाठच्या एका गावातला, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. ते गाव आता उठलं आहे. ज्या तळ्यात त्या पहिल्यांदा पोहल्या, त्या जागेवर आज विमानतळाची भिंत उभी आहे. आपल्या तलावावर त्या आल्या तेव्हा शिकवायला आल्या नव्हत्या. महिलांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत कुलपांच्या किल्ल्या सांभाळायचं काम त्यांना मिळालं होतं. एकदा ऐन हंगामात महिला बॅचच्या प्रशिक्षक बाई नोकरी सोडून गेल्या. बॅच बंद होणार असं कळल्यावर बायका कार्यालयात जाऊन बसल्या. त्यांच्यातलीच एक म्हणाली, "किल्लीवाल्या ताई बॅच सुटल्यावर एकट्या पोहतात, आम्ही बघितलंय. त्या शिकवतील." आणि ताईंनी शिकवलं. रीतसर प्रमाणपत्र मिळवायला त्या पुढे पंचेचाळिसाव्या वर्षी विशीतल्या पोरांमध्ये परीक्षेला बसल्या. लेखी परीक्षेत 'तरंगणे म्हणजे काय?' असा प्रश्न होता. ताईंनी उत्तर लिहिलं, 'धडपड न करणे.' बाकी पान कोरं. त्याचा एक गुण कापला गेला, आणि त्या परीक्षकावर ताई अजून चिडून आहेत.

त्यांच्या कामाचा पसारा सांगायचा तर पनवेल परिसरातल्या किती घरांतल्या आया, मुली, सुना त्यांच्या हाताखालून गेल्या याची मोजदाद त्यांच्याकडेही नाही. पण त्यांचं मन कळायचं असेल तर पनवेल गावातल्या फरीदाआपांना विचारावं. आपांना डॉक्टरांनी कंबरेसाठी पोहायला सांगितलं होतं. तीन वेळा त्या फाटकापर्यंत आल्या आणि तीन वेळा परत गेल्या, कारण तसला तोकडा पोशाख त्यांना चालणार नव्हता आणि दुसरा मिळत नव्हता. चौथ्यांदा ताईंनी त्यांना फाटकावरच गाठलं, शिट्टीच्या दोरीने खांद्यापासून घोट्यापर्यंत माप घेतलं आणि आठवड्याभरात पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोशाख शिवून हातात ठेवला. आपा अजून सांगतात, "मी विचारलं, हौसाआपा, शिलाई किती? तर म्हणतात, आधी उतर तरी. अल्ला त्यांना सलामत ठेवो!" त्यानंतर तसा पोशाख मागणाऱ्या केवळ मोहल्ल्यातल्याच नव्हत्या. अंग झाकून पोहायला मिळतंय म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या सहा बायका आल्या, आणि माझ्या सासूबाईही आल्या. तेल धुऊन आल्या, हे नमूद करते.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते सांगते. यात माझी चूक आहे, आणि ती सगळ्यांसमोर सांगायला मला आवडतं आहे असं मुळीच नाही. पण ती सांगितल्याशिवाय ताई कोण आहेत ते कळायचं नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात संध्याकाळच्या मुलांच्या बॅचला ईशू आली. ईश्वरी तिचं नाव, आठ वर्षांची, उलव्याहून आई तिला बसने घेऊन यायची. पोर म्हणजे नुसता भुईनळा! पहिल्या दिवशी सगळी मुलं पायरीवर थरथरत बसलेली असताना ही तिसऱ्या पायरीवरून मला विचारते, "मॅडम, पाण्यात ओरडलं तर बाहेर ऐकू येतं का?" आणि उत्तराची वाट न बघता तोंड बुडवून ओरडली. चार दिवसांत पाय मारायला लागली, आठव्या दिवशी माझ्या तळहातावर पोट टेकून हातही मारायला लागली. माझी लाडकी झाली होती ती. म्हणूनच तिच्यावर माझी हुशारी दाखवायची मला घाई झाली.

पोहायला शिकवणाऱ्यांची आणि सायकल शिकवणाऱ्यांची एक खोड असते. 'धरलंय, धरलंय' म्हणत राहायचं आणि गुपचूप सोडून द्यायचं. मला माझ्या सरांनी असंच शिकवलं होतं. त्या शनिवारी गॅलरीत पालक बसले होते. उथळ बाजूला ईशू माझ्या हातावर होती. मी गॅलरीकडे बघून डोळा मारला, तोंडाने "धरलंय गं, धरलंय" चालू ठेवलं आणि हात काढून घेतला. मागे सरकले. एवढ्यावरही थांबले नाही. दोन्ही रिकामे हात वर करून गॅलरीला दाखवले. पोर एकटी पोहत होती! आयांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कसल्या म्हणून ईशूने मान वळवली, तर मी लांब उभी, दोन्ही हात हवेत. तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. दोन सेकंदांत मी तिला उचललं. तिला काही इजा झाली नाही. ती खोकत होती आणि मी हसत होते. "बघ, आलं की तुला! मी धरलंच नव्हतं!" सगळे हसले.

खोकला थांबल्यावर ईशू म्हणाली, "तुम्ही धरलंय म्हणालात."

"अगं, गंमत!"

ती पाण्याबाहेर आली. टॉवेल घेऊन आईजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ती पायरीच्या खाली उतरेना. तिसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर येईना. मी गोड बोलले, ओरडले, चॉकलेट दाखवलं. काही उपयोग झाला नाही. आठवडाभराने तिची आई एकटीच आली, पैसे परत मिळतात का ते विचारायला. बोलता बोलता बिचारीचे डोळे भरून आले. घरी ईशू डोक्यावरून पाणी घेऊ देत नव्हती. ओल्या टॉवेलने केस पुसून द्यावे लागत होते. आणि नवीनच एक सुरू झालं होतं. आईने दोन मिनिटांत खालून दूध घेऊन येते म्हटलं की ही दारात उभी राहून विचारायची, "नक्की दोन मिनिटं? खरं सांग." आधी ही पोर असं कधी विचारत नसे. आणि वर सगळ्यांना सांगत सुटली होती की मला पोहता येत नाही, मला येणारच नाही.

मी आईला समजावलं, "काही मुलं जरा घाबरट असतात हो. होईल हळूहळू."

मागे ताई उभ्या होत्या. त्यांनी ईशूच्या आईला महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "चहा घ्यायला ये."

चहा म्हणजे फिल्टरच्या खोलीमागचा बाक. तिथे ताई कुणालाही चारचौघांत न बोलता काय ते बोलतात, हे मला तोवर माहीत झालं होतं. त्यांनी निम्मा चहा संपवला. मग म्हणाल्या, "हात काढलास तवा तोंडानं काय बोलत व्हतीस?"

"धरलंय म्हणत होते."

"आनि गॅलरीला काय दाखवत व्हतीस?"

"रिकामे हात," मी म्हटलं.

"मंग पोर घाबरट कशी? पोर बरोबर हाय. जी बाई धरलंय बोलते आनि धरत नाय, तिच्या हातावर मी पन उतरनार नाय."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. म्हटलं, "ताई, सगळे असंच शिकवतात. मला असंच शिकवलंय. मी काय पाण्यात राहिले नाही?"

"तू राहिलीस. ती नाय राहिली. आता?"

 मग मी माझं नेहमीचं केलं, तावातावाने म्हटलं, "मला जमत नाही असं वाटत असेल तर सोडते मी नोकरी."

"सोड," ताई म्हणाल्या. "पन आधी पोरीचं निस्तर. मंग जा कुठं जायचं तिथं."

त्या संध्याकाळी त्यांनी मला खाडी ओलांडायची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांच्या आईबरोबर गावातल्या बायका खाडीपलीकडच्या चिखलात खुबे आणि शिंपल्या वेचायला जात. जाताना ओहोटी असे, येताना पाणी चढू लागलेलं असे. सगळ्या एका रांगेत चालत. सर्वांत पुढची बाई पायाने तळ चाचपत जाई आणि मोठ्याने सांगे, "घोटा! गुडघा! मांडी! कंबर!" मागच्या बायका ते ऐकून पोरांना खाली चालवत किंवा कडेवर घेत. ताई म्हणाल्या, "माझी आय पुढं असायची. एकदा मना भ्याव वाटलं, मी रडायला लागले. मागची बाई बोलली, हौसाला बरं वाटावं म्हनून जरा कमी सांग गो. आय उलटून बोलली, कमी सांगू आनि उद्या माझं कोन ऐकंल? कंबर हाय तर कंबरच सांगनार."

आपल्यापैकी जिने जिने ताईंकडे शिकून घेतलं तिला त्यांची पद्धत पाठ आहे. पोटाखाली त्यांचा तळहात असतो. त्या सांगतात, "हात हाय." मग, "आता दोन बोटं." मग, "एक बोट." मग, "काढते." आणि शेवटी, "काढला." हात आणि शब्द यांत तीळभर फरक नाही. बॅचमधल्या बायका त्यांची नक्कल करतात, मीही करायचे. म्हातारीची बडबड वाटायची मला ती! बाकावर बसून त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ही बडबड नव्हे.

रविवारी ताई मला घेऊन उलव्याला गेल्या. सुट्टीचा दिवस, बसने, धूळ खात, दोन्ही बाजूंना अर्धवट बांधलेल्या इमारती. ईशूच्या घरी बेल वाजवली. तिने दार उघडलं, मला पाहिलं आणि आईच्या मागे गेली. चहा आला, बिस्किटं आली. मी सुरुवात केली, "ईशू बाळा, त्या दिवशी ना मी तुझी जरा गंमत—" आणि दंडाला असा सणसणीत चिमटा बसला की बिस्किट चहात पडलं.

"गंमत नाय," ताई म्हणाल्या. "नीट सांग."

तिचे आईबाबा बघत होते. एका आठ वर्षांच्या मुलीसमोर, तिच्या आईबाबांसमोर, राज्यस्तरीय प्रशिक्षक बाई!  म्हटलं, "मी खोटं बोलले ईशू. धरलंय म्हणाले आणि हात काढला. आणि वर सगळ्यांना हसवलं."

तिचे बाबा अवघडून म्हणाले, "अहो मॅडम, असू द्या, लहान आहे ती."

ईशू आईच्या मागून म्हणाली, "मला माहितीये."

ये, शीक, घाबरू नको, असलं ताईंनी एक अक्षर काढलं नाही. निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, "ईशू, ह्या मॅडमला खरं बोलायची सवय लावायची हाय. मी एकटी किती बघू? उद्यापासून तू काठावर बस. हिचा हात एक बोलतो आनि तोंड दुसरं, असं दिसलं की आरडायचं. पान्यात उतरायचं नाय. काम तेवढंच."

पोरीने पहिल्यांदा मान वर केली. "ओरडू? जोरात?"

"जोरात."

दुसऱ्या दिवशी ईशू फ्रॉक घालून, पाण्यापासून चांगली हातभर लांब, मांडी घालून बसली. मला ताईंनी एक शिकाऊ विद्यार्थिनी दिली. माझ्याच सासूबाई! म्हणाल्या, "घरच्या मानसाशी खोटं बोलायची सवय जास्ती असते." सासूबाईंना हातावर घेऊन मी म्हणू लागले, "हात आहे. दोन बोटं. एक बोट." ईशू डोळे बारीक करून बघत होती. पण काठावरून पाण्याखालचा हात नीट दिसत नाही. पाणी हलतं, उन्हाची तिरीप चमकते. पहिला दिवस तिने तसाच काढला. दुसऱ्या दिवशी ती काठाच्या अगदी कडेला सरकून बसली. तरी दिसेना. वैतागून म्हणाली, "असं कसं कळणार? मॅडम काहीही करतील!"

"मंग कसं कळंल?" ताईंनी विचारलं.

ईशूने विचार केला. पिशवीतून गॉगल काढला, डोळ्यांवर चढवला. फरशीवर पालथी झोपली. आणि माझा हात बघायला तिने तोंड पाण्यात घातलं.

मी बोलायला लागले, तर ताईंनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. गॅलरीत तिची आई उभी राहिली होती, तिलाही त्यांनी हाताने खाली बसवलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दहा दिवस जिने डोक्यावर तांब्याभर पाणी घेतलं नव्हतं, ती पोर पुन्हा पुन्हा तोंड बुडवत होती, श्वास घ्यायला वर येत होती आणि सांगत होती, "दोन बोटं. बरोबर. एक. बरोबर." तिचं सगळं लक्ष माझी चोरी पकडण्यावर होतं.

तिसऱ्या दिवशी ती कॉस्च्यूम घालून आली. फरशीवरून मागची बाजू दिसत नाही, अशी तिची तक्रार होती. दांडी धरून उथळ पाण्यात उभी राहिली आणि सासूबाईंच्या पोटाखाली डोकं घालून तपासणी करू लागली. चौथ्या दिवशी मी सापडले. सवय जाता जाता जात नाही हो. सासूबाई छान तरंगत होत्या, माझं बोट आपसूक सुटलं आणि तोंडातून निघालं, "आहे आहे, बोट आहे." फस्सकन ईशू पाण्यातून वर आली. "काढलंय! काढलंय! मॅडमनी काढलंय!" सासूबाई घाबरून उभ्या राहिल्या, बॅच पोट धरधरून हसली, आणि मी, जिला चारचौघांत कुणी हसलेलं खपत नाही ती मी, हात जोडून म्हणाले, "चुकले. काढलं होतं. सांगितलं नाही."

ईशू हसली. त्या शनिवारनंतर माझ्याकडे बघून ती पहिल्यांदा हसली.

ताई तिला हातावर घेतील आणि प्रश्न सुटेल, असं मी धरून चालले होते. ताईंच्या हातावर ती त्याच दिवशी गेली असती आणि दोन दिवसांत तलाव ओलांडला असता. मला तेच हवं होतं. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं असतं. सोमवारी ईशू पाण्यात उभी होती, ताई तिच्या शेजारी होत्या. पोरीने ताईंकडे हात केले. ताई म्हणाल्या, "माझं चहाचं टाइम झालं," आणि खुशाल पायऱ्या चढून निघून गेल्या. मागे वळूनही पाहिलं नाही.

आम्ही दोघीच राहिलो.  स्पर्धेच्या ठोकळ्यावर उभी असतानाही मला कधी एवढी भीती वाटली नव्हती. ही मुलगी आता पाण्याबाहेर गेली तर परत येणार नाही, आणि मी उद्यापासून कुणाच्या पोटाखाली हात घालायच्या लायकीची राहणार नाही, एवढं मला कळत होतं.  मी नुसता हात पुढे केला.

ईशूने गॉगल डोळ्यांवर ओढला. माझा हात दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला. म्हणाली, "तुम्ही बोलायचं नाही. मी बोलणार."

"बरं."

ती हातावर आडवी झाली. तिच्या छातीतली धडधड मला तळहाताला लागत होती. "हात," ती म्हणाली. पाय मारू लागली. बराच वेळ तेवढंच. मग तोंड वर काढून, "दोन बोटं." मी दोन ठेवली. ती मान घालून बघून आली. "एक." एक ठेवलं. पुन्हा बघून आली. तिने एवढा वेळ घेतला की माझा खांदा भरून आला, पण मी तसूभर हलले नाही. आणि मग तोंड वर काढून, माझ्याकडे न बघता, ती ओरडली, "काढा!"

मी काढलं.

ती दांडीपर्यंत गेली. सहा-सात हात अंतर असेल. दांडीला धरून उभी राहिली, गॉगल कपाळावर चढवला आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, "काढलंत ना?"

"काढलं."

"मला कळलं. उद्या पण तुम्हीच धरा."

मी पाण्यात उभी राहून ढसाढसा रडले. गॅलरीत तिची आई रडत होती, तिला आता कुणी बसवायला नव्हतं. मी तशीच ओलीचिंब फिल्टरच्या खोलीमागे धावले. ताई बाकावर बसल्या होत्या, चहा न पिताच. कपावर साय धरली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "आयकलं मी. केवढ्यानं आरडली कार्टी! जा, बॅच उभी हाय." आणि पदराने डोळे पुसले. मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

ईशू आता कॉलेजात जाते आणि खाडीत उतरायची परवानगी बाबांकडे मागत असते. माझी नोकरीही टिकली. त्या उन्हाळ्यानंतर मी कुणाच्याही पोटाखालचा हात न सांगता काढलेला नाही. मला लोक आज चांगली प्रशिक्षक म्हणतात, तेव्हा मी कानकोंडी होते, कारण ती कुणी घडवली हे मला ठाऊक आहे. ताईंना ते काम स्वतः करणं किती सोपं होतं! एका पोरीचा धीर परत आणायचा होता, तो त्यांनी चुटकीसरशी आणला असता आणि नाव त्यांचंच झालं असतं. पण त्यांनी तो माझ्या हातून आणवला. जिने मोडलं तिच्याकडूनच सांधून घेतलं, आणि चहाच्या निमित्ताने लांब जाऊन बसल्या. किती कठीण गेलं असेल त्यांना ते! एवढा विश्वास माझ्यावर माझ्या आईनेही ठेवला नसता.

ताई, मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानायला आले की तुम्ही बॅच उभी आहे म्हणून हाकलता. इथे छापील कागदावर तुम्ही मला हाकलू शकत नाही, म्हणून मानून घेते. तुम्हाला पुढची खूप वर्षं मिळोत, गुडघे कुरकुरायचे थांबोत, रक्तदाब शहाण्यासारखा वागो, आणि गोळ्या तुम्ही वेळेवर घ्या. यात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही. माझी लेक आता चार वर्षांची झाली. पुढच्या उन्हाळ्यात तिला पाण्यात उतरवायचं ठरवलं आहे. घरात एक राज्यस्तरीय प्रशिक्षक असताना बाहेर कशाला, असं नवरा विचारतो. मी त्याला सांगितलं आहे, तिला पहिल्यांदा हातावर ताईच घेतील. मी चहा घेऊन मागच्या बाकावर बसेन.